आपल्या घराचा रकाना

माय, काल दुपारी एक मुलगी माझ्याकडे आली होती. सोळा वर्षांची असेल, तेव्हा मी होते तेवढीच. तिनं तिच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना सही करायला शिकवलं, त्याबद्दल तिला दिल्लीचा सन्मान मिळाला आहे. पुढच्या आठवड्यात इथं बुलढाण्यात तिचा सत्कार आहे आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मला बसवणार आहेत, कारण असल्याच कामासाठी फार वर्षांपूर्वी दिल्लीला जाऊन आलेली म्हातारी त्यांना जवळपास मी एकटीच सापडली. पोर वही घेऊन आली होती. माझ्याबद्दल दोन शब्द बोलायचे म्हणून विचारत होती. बारव कशी असते, नारू म्हणजे काय, तो किती लांब असतो, दुखतो का. मी सगळं सांगितलं. बारवेच्या काठावरचा तुझा तो प्रसंगही सांगितला, जो मी आजवर शंभरदा सांगितला असेल आणि ज्यावर लोक हमखास हसतात. तीही हसली. मग चपला घालता घालता तिनं एक साधा प्रश्न विचारला आणि मी खोटं उत्तर दिलं. तेव्हापासून मी स्वतःवर चिडलेली आहे. या वयात एका पोरीशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं? म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. कदाचित म्हणूनच लिहायला धीर होतो आहे.

तुला ते दिवस आठवत असतील. महाराष्ट्र नुकताच झाला होता, शाळेवर जिल्हा परिषदेची नवी पाटी लागली होती, आणि पुण्याकडच्या एक बाई आम्हाला शिकवायला धामणगावला आल्या होत्या. बाजाराच्या दिवशी आपण दोघी सोबतच निघायचो. तुझ्या डोक्यावर वांग्याची पाटी, माझ्या खांद्याला दप्तर. तू पाटी घेऊनही माझ्यापुढे चालायचीस आणि वळून म्हणायचीस, काऊन बे, शिकली पोरगी दमली का? बाजार तुझा जीव की प्राण होता. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना तुझा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा आणि मला लाज वाटायची. बाईंना मात्र तुझं कौतुक होतं. त्यांनी मुलींचं सेवापथक काढलं, मला त्याची नायिका केलं, आणि एका संध्याकाळी आपल्या ओसरीवर येऊन आबांना सांगितलं की पोरीनं गावासाठी वर्षभर काम करून दाखवलं, तर तिला दिल्लीचा सन्मान मिळेल, आणि तो मिळाला तर बुलढाण्याच्या वसतिगृहात फुकट जागा मिळून ती पुढं शिकेल. आबांनी माझ्यासाठी एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. ते म्हणाले, वरसभर थांबतो, दिल्लीचं आलं तं शिकू द्या, नाही तं पुढच्या वैशाखात लगन. तू आत चुलीपाशी होतीस. बाई गेल्यावर तू मला एवढंच विचारलंस, काय काम करशीन मंग?

काम गावानंच दाखवलं. दर उन्हाळ्यात घरटी एक तरी माणूस नारूनं पडलेलं असायचं. पायावर आधी फोड यायचा, आग आग व्हायची, मग फोड फुटून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, महिना महिना, आणि घाई करून तुटला तर पाय सडायचा. बाईंनी आम्हाला समजावलं की हा किडा कोणाच्या शापानं येत नाही, पाण्यातून येतो. नारूचा पाय बारवेत बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात जातात, ते पाणी न गाळता प्यालं की पोटात जातात, आणि बरोबर वर्षानं पायातून बाहेर येतात. म्हणजे दोनच गोष्टी करायच्या होत्या. बारवेत कोणी उतरायचं नाही, आणि प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. ऐकायला सोपं, पण बायकांना पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले. पंचायतीच्या मागे लागून आम्ही बारवेवर दोन खांब आणि वरूनच दोरीनं पाणी ओढायचं चाक बसवून घेतलं, पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या. फडकी तू शिवलीस. मळ्यातून आल्यावर दिवा लावायच्या आत, अंगणात बसून, सगळ्या घरांची. बायका फडकं कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं धरायच्या आणि आदल्या दिवशीचा गाळ परत घागरीत जायचा. तर तू प्रत्येक फडक्याच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ घातलीस आणि बायकांना बजावलंस, लाल गाठ वर. बाईंनी ती युक्ती अहवालात लिहिली. पथकाची युक्ती म्हणून लिहिली. मी दुरुस्त केलं नाही.

आणि मी वही ठेवली. प्रत्येक घराला एक रकाना, रोज पाणी गाळलं की बरोबरची खूण. सकाळी उजाडता उजाडता मी घरोघर जायची, रांजणात हात घालायची, फडकं ओलं आहे का चाचपायची, आणि कोरडं सापडलं की त्या बाईला दारात उभं करून बोलायची. माझा तेव्हा फार तोरा होता, माय. शेजारच्या काकूला पहिल्याच उन्हाळ्यात नारू निघाला, आधीच्या वर्षीच्या पाण्याचा, तिची काहीच चूक नव्हती. ती लपवून बारवेवर आली. मी सगळ्यांसमोर तिचं लुगडं घोट्यापासून वर करायला लावलं, चिंधी दाखवली आणि तिला मागं पाठवलं. वहीत तिचं नाव लाल शाईनं लिहिलं. ती पुढं कितीतरी दिवस आपल्या दारावरून मान खाली घालून गेली. त्या संध्याकाळी तू भाकरी थापता थापता म्हणालीस की खरं सांगायलाही रीत असते. मी तुला उलट विचारलं, तुला शाळा कळते का.

वर्ष सरत आलं. आमच्या घरांमधून नवा नारू निघाला नव्हता. बाईंनी दिल्लीला कागद पाठवले आणि नागपूरहून एक बाई तपासणीला येणार असं उत्तर आलं. शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. तपासणीला आठ दिवस असतील. मी शाळेतून आले तर तू घरीच. दिवसाउजेडी तुला घरात बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. उजवा पाय पुढं घेऊन तू घोट्यावर ओलं फडकं धरलं होतंस. मला पाहून फडकं काढलंस. फोड फुटला होता आणि त्यातून बोटभर दोरा लोंबत होता.

मी रडले नाही, तुझ्या पायाला हात लावला नाही. मी ओरडले. मळ्यात पाणी प्यालीस ना, पाटाचं प्यालीस, आळस केलास, वर्षभर गावाला सांगत फिरले आणि माझ्याच मायनं माझं तोंड काळं केलं. आता नागपूरची बाई विचारेल नवा नारू कोणाला, तर काय सांगू? नायिकेच्या मायला? तू ऐकून घेत होतीस. मधेच तुझी नजर भिंतीकडे गेली. तिथं खुंटीवर आपल्या घरचं गाळायचं फडकं टांगलेलं होतं. तू त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "हाव, प्याली असन कुठं." एवढंच. मग तुरीची एक बारीक काडी मोडून घेतलीस आणि दोरा तिला गुंडाळायला लागलीस.

त्या आठ दिवसांत आपण दोघींनी कोणालाच कळू दिलं नाही. आबांनाही तू काटा भरला म्हणून सांगितलंस, आणि पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या असल्यामुळे ते खरं वाटलं. तू बारवेकडे फिरकली नाहीस. पाय धुतलेलं पाणी तू चुलीच्या राखेवर ओतायचीस. मी सांगितलेले सगळे नियम तू पाळलेस, फक्त एक सोडून. वहीत नाव लिहायचा नियम माझ्या हातात होता. तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंनी मला विचारलं, सगळी घरं पाहिलीस ना, कुठं काही नाही ना? मी म्हणाले, नाही. बाई हुशार होत्या, त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण त्यांनाही तो सन्मान हवा होता. आपल्या दारी त्या आल्या नाहीत.

सकाळी तू म्हणालीस, "मी घरीच राह्यते ना. सांगजो, मायले ताप हाये." मला ते चाललं नसतं. नायिकेची आई दिसली नाही तर विचारपूस होणार, कोणीतरी बघायला घरी येणार, आणि आबांचा वैशाख महिन्यावर येऊन ठेपला होता. मी तुझ्याकडे न बघता वेणी घालत होते. म्हणाले, "येजो तू. पण लंगडू नको." तू मान हलवलीस. काडी घोट्याला आडवी दाबून त्यावरून चिंधी आवळलीस, वर लुगडं सोडलंस, आणि डोक्यावर घागर घेऊन माझ्यापुढं चालायला लागलीस. मी मागून तुझे पाय बघत होते. एकदाही लंगडली नाहीस.

बारवेवर सगळं गाव जमलं होतं. नागपूरच्या बाई उंच होत्या, चष्मा होता, आवाज मऊ पण प्रश्न नेमके. त्यांनी वही चाळली, चाक फिरवून पाहिलं, फडक्याची लाल गाठ पाहून खूश झाल्या. मी पाठ केलेलं शुद्ध भाषेतलं भाषण म्हणून दाखवलं. सगळं छान चाललं होतं. मग त्यांना वाटलं की पूर्वी बायका पाणी कसं भरत ते पाहावं. त्यांनी काट्या बाजूला करायला सांगितल्या, आणि विचारलं, पथकाच्या नायिकेची आई कोणती? बायकांनी तुला पुढं ढकललं. त्या म्हणाल्या, जरा पायऱ्या उतरून, पूर्वी भरायचात तशी एक घागर भरून दाखवा.

तू उतरलीस तर पाय पाण्यात जाणार, चिंधी ओली होणार, आणि वर्षभर राखलेल्या बारवेत माझ्याच मायचा नारू सुटणार. गाव तेच पाणी पिणार. नाही उतरलीस तर का नाही ते सांगावं लागणार. एक शब्द मी बोलले असते तर सगळं तिथंच थांबलं असतं. मी सोळा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. समोर शेजारची काकू उभी होती. ती तुझ्या पायाकडे बघत होती.

तू म्हणालीस, मी नाही उतरत. नागपूरच्या बाईंना वाटलं तू लाजतेस. त्या हसून म्हणाल्या, फक्त दाखवायला, दोनच पायऱ्या. तू पुन्हा नाही म्हणालीस. तेव्हा त्यांचं हसू जरा कमी झालं आणि त्यांनी विचारलं, "तुम्हाला नारू तर नाही ना?"

"नाही," तू म्हणालीस.

"मग उतरायला काय हरकत आहे?"

तू घागर खाली ठेवलीस. बाजारात भाव सोडायचा नसला की उभी राहायचीस तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "नारू असो का नसो, पाण्यात पाय टाकायचा नाही, असं माह्या पोरीनं सांगतलं हाये. वरसभर तिनं गावाचं डोकं खाल्लं. आता तिचं आयकू का तुमचं?"

नागपूरच्या बाई मोठ्यानं हसल्या, बाई हसल्या, सगळं गाव हसलं. काकू हसली नाही, पण बोललीही नाही. मी तिचं लुगडं सगळ्यांसमोर वर करायला लावलं होतं आणि तिनं माझ्या मायचं झाकून ठेवलं. नागपूरच्या बाईंनी तिथंच उभ्या उभ्या स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझं वाक्य लिहून घेतलं आणि आमच्या बाईंना म्हणाल्या, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा. काट्या परत पायऱ्यांवर टाकल्या. तू चाकावरून घागर भरलीस, डोक्यावर घेतलीस आणि घरी निघालीस. मला तेव्हा काय वाटलं ते सांगू? तुझी काळजी नाही वाटली. हायसं वाटलं.

घरात पाऊल टाकल्यावर तू बसलीस ती उठली नाहीस. चिंधी सोडली तर काडीला तुटका दोरा होता, बाकीचा आत राहिला होता. दिवस कलायच्या आत ताप चढला. पाय मांडीपर्यंत सुजला, पू झाला, आणि तू दात आवळून सगळ्यांना काटा मोडला, काटा मोडला म्हणत राहिलीस. सरकारी दवाखान्यात नेलं असतं तर डॉक्टरनं नारू लिहिलं असतं. म्हणून तू गेली नाहीस आणि मीही आबांना चल म्हणाले नाही. दोन महिन्यांनी तू उठलीस तेव्हा घोटा आखडून धरला होता. तो धरला तो धरलाच.

तपासणी पार पडली म्हणून आबा दिल्लीच्या उत्तरासाठी थांबले आणि वैशाख लग्नाशिवाय गेला. पुढं दिल्लीचं पत्र आलं आणि मी बाईंबरोबर मलकापूरला जाऊन आगगाडीत बसले. तू मला सोडायला गावच्या रस्त्यापर्यंतही येऊ शकली नाहीस. दिल्लीत एका मोठ्या दिवाणखान्यात आम्ही मुली पांढऱ्या साड्या नेसून रांगेत उभ्या होतो. प्रत्येकीचं काम हिंदीतून वाचून दाखवत होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी तुझं वाक्य वाचलं. या मुलीच्या शिकवणुकीचा असर एवढा की तिच्या सख्ख्या आईनं तपासनिसांचा हुकूमही मानला नाही, असं काहीसं. टाळ्या वाजल्या. राष्ट्रपतींनी माझ्या साडीवर बिल्ला लावला आणि काहीतरी विचारलं, मी हो म्हणाले. काय विचारलं ते आजही मला माहीत नाही. घरी येऊन मी बिल्ला तुझ्या हातात ठेवला. तू तो उलटासुलटा पाहिलास आणि म्हणालीस, "एवढासाच हाये का? मले वाटलं, ताटाएवढा असन." मग तो तुरीच्या डाळीच्या डब्यात घालून ठेवलास, डाळीला कीड लागणार नाही म्हणून.

मी शिकले. नोकरी केली, पेन्शन घेतली, मुलींना शिकवलं. तू पुन्हा कधी धामणगावच्या बाजाराला गेली नाहीस. पाटी डोक्यावर घेऊन एवढं चालणं त्या पायाला जमेना, आबा जायला लागले आणि वांगी मातीमोल विकून यायचे. तू ओसरीवर बसून त्यांना कोणी किती भाव केला ते विचारायचीस आणि कपाळावर हात मारायचीस. मी सुट्टीत घरी आले की हे बघायची आणि लवकर परत जायची. आता नारू देशातून गेला. लोक मला बोलावतात, मी तुझा प्रसंग सांगते, काटा आणि ताप गाळून सांगते, लोक हसतात.

कालची मुलगीही हसली आणि मग तिनं विचारलं, "आजी, तुम्ही पहाटेपासून गावभर तपासत फिरायच्या, मग तुमच्या घरचं पाणी कोण भरायचं?" मी म्हणाले, माझी आई. तिनं ते लिहून घेतलं.

तू तर दिवस उगवायच्या आत मळ्यात गेलेली असायचीस, माय. पाणी मी भरत होते. पहिल्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, काकूला बोलले त्याच दिवसांत. चार घागरी गाळायला वेळ लागायचा, फडक्यातून पाणी थेंबाथेंबानं उतरायचं आणि मला गावाची फडकी तपासायची घाई असायची. मी घागर तशीच रांजणात ओतायची आणि पळायची. आपलं फडकं खुंटीवर कोरडं राहायचं. संध्याकाळी तू येईपर्यंत ते तसंही वाळलंच असतं, म्हणून मला धास्ती नव्हती. वहीत आपल्या घराचा रकाना मी सोमवारी एकदाच आठवडाभराचा भरून टाकायची. तेच पाणी मी प्याले, आबा प्याले. त्यांना काही झालं नाही, मला झालं नाही. तू मळ्यात पाटाचं पाणी कधी पीत नव्हतीस. घरून भरून न्यायचीस, मी भरलेलं.

ती वही माझ्याकडे आहे. आज पुन्हा काढली. आपल्या रकान्यातल्या खुणा सगळ्यांत सुबक आहेत, एका शाईनं, एका बसकीत काढलेल्या. तुला वाचता येत नव्हतं, पण खुणा तुला दिसत असणार, आणि त्या दिवशी खुंटीकडे बघून तुला काय कळलं ते मी तुला कधी विचारलं नाही. तू जिवंत होतीस तोवर रोज विचारता आलं असतं. हा कागद मी त्याच पानात घालून ठेवणार आहे. पुढच्या आठवड्यात त्या मुलीच्या शेजारी बसून खरं सांगेन, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या दिवशी सभेत तुझं वाक्य पुन्हा म्हणून दाखवायला लावतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि मी म्हणून दाखवीन.